चार वर्षांच्या मुलाला शाळेसाठी तयार करताना त्याच्या हाती अ‍ॅप द्यावे का?

मूळ मांडणी : शहापूर, बेळगाव येथील एक आई

येत्या जूनमध्ये माझा धाकटा मुलगा एल.के.जी.त जाईल. गेल्या दिवाळीत आम्ही वर्षभराची वर्गणी भरून त्याच्यासाठी एक शिक्षणाचे अ‍ॅप घेतले आणि पाच महिन्यांनी ते फोनवरून काढून टाकले. तसे का केले ते सविस्तर मांडते, कारण आमच्या गल्लीत तीन-चार वर्षांचे मूल असलेल्या घरोघरी सध्या हाच विषय चालू आहे, आणि माझे काही चुकत असेल तर ते मला समजून घ्यायचे आहे.

त्या अ‍ॅपवर मुलगा 'क' बोटाने गिरवत असे. बोट योग्य जागी टेकवून थोडे पुढे सरकवले की उरलेली रेघ आपोआप रंगाने भरली जाई आणि टाळ्या वाजत. त्याला अक्षर येऊ लागले, अशी आमची खात्री झाली होती. एके दिवशी आजीने पाटी आणि पेन्सिल पुढे ठेवली, तेव्हा त्याने पेन्सिल मुठीत धरली, 'क'चे पोट खालून वर काढायला घेतले, रेघ मध्येच तुटली आणि तो टाळ्यांची वाट पाहत आमच्याकडे बघत राहिला. पेन्सिलीवर जोर किती द्यायचा, मनगट कुठे वळवायचे, हे पाच महिन्यांत त्याच्या हाताला ठाऊकच झाले नव्हते.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. त्या अ‍ॅपमधली देवनागरी हिंदीची होती. अननसाच्या जागी अनार असणे मी समजू शकते. परंतु त्या वर्णमालेत 'ळ' नव्हता, म्हणजे बाळ, डोळा, केळे आणि खुद्द शाळा हे शब्द ज्या अक्षराशिवाय लिहिता येत नाहीत, तेच अक्षर नव्हते. आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' नव्हता. 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' असा होता, त्यामुळे आजी हरिपाठाला बसली की हा शेजारी बसून 'ग्यानदेव' म्हणू लागला. आपल्या भागात मूल घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी ऐकते. त्यात न मागितलेल्या चौथ्या भाषेची वर्णमाला आपण पैसे देऊन घरात आणतो आणि तिला पूर्वतयारी म्हणतो, हे मला पटले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असेही म्हटले आहे. आमचा अर्धा तास हळूहळू दीड तासावर गेला होता, हे मी प्रांजळपणे सांगते.

माझे मत असे की शाळेला हवे असते ते मूल स्वतःचा डबा उघडणारे, शू लागली तर सांगणारे, गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारे आणि रडू आले तर कशाने आले ते शब्दांत सांगू शकणारे असते. यातले काहीही अ‍ॅप शिकवत नाही.

उत्तर : खानापूर तालुक्यातील एक वडील

ताई, आपले म्हणणे दोनदा वाचले. आपल्या घरी पाटी काढून देणारी आणि हरिपाठ म्हणणारी आजी आहे, हे आपण ओघात लिहून गेलात. पण माझ्या मते आपल्या सगळ्या मांडणीचा आधार तीच आहे. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे आणि सकाळी सातच्या आत घर सोडतो. पत्नी भाताच्या दिवसांत शेतावर असते. माझ्या आईला ऐकू येत नाही. आमच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही आणि कन्नडही मला कामापुरतेच येते.

मागच्या वर्षी मुलीला घेऊन एका शाळेत गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी तिला इंग्रजीतून रंगांची नावे विचारली. मुलीला रंग ओळखता येत होते. तांबडा, पिवळा, हिरवा असे तिने सांगितलेही. बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिले. तो दिवस मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी फोनवर इंग्रजी बालगीते आणि रंगांचे खेळ लावून देऊ लागलो. आज तिला ते शब्द येतात आणि ते तिला फोननेच दिले, कारण देणारे दुसरे कोणी नव्हते. ज्यांच्या घरात भाषा आहे त्यांनी अ‍ॅप काढून टाकावे. ज्यांच्या घरात ती नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर आपल्या लेखात मला सापडले नाही.

उत्तर : निपाणी येथील निवृत्त बालवाडी शिक्षिका

दादा, तुमच्या मुलीने तांबडा, पिवळा, हिरवा असे अचूक सांगितले, त्याअर्थी ती तयार होती. न्यून त्या प्रश्नात होते, मुलीत नव्हते, आणि ते भरून काढण्याचा भार तुम्ही तिच्यावर टाकू नये, असे मला कळकळीने वाटते.

माझ्या बालवाडीत विड्या वळणाऱ्या बायकांची मुले येत. त्या आयांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्या घरी विड्यांचे कट्टे बांधताना मोठ्याने मोजत आणि शेजारी बसलेले मूल ते ऐकत असे. त्या मुलांना मोजणे मला शिकवावे लागले नाही, केवळ आकडा कसा दिसतो ते दाखवावे लागले. आम्ही चिंचोके, शेंगांची टरफले, बाटल्यांची बुचे यांवर वर्ष काढत असू. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्याचा पायाच हा होता की साधन आसपासचे असावे आणि ते मुलाच्या हातात यावे. चिंचोका चिमटीत धरून वाटीत टाकणाऱ्या मुलाच्या बोटांत पुढे पेन्सिल आपोआप बसते. काचेवरून बोट फिरवताना चिमूट लागतच नाही, म्हणून शहापूरच्या ताईंच्या मुलाने पेन्सिल मुठीत धरली.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' हा साहित्यसंच काढला, त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रकार्डे आहेत.

उत्तर : टिळकवाडी येथील एक संगणक अभियंता, दोन मुलांचा पिता

बाईंचा अनुभव मोठा आहे आणि हाताबद्दल त्यांनी जे लिहिले त्यावर माझा वाद नाही. मात्र पडद्यावरून लहान मूल काहीच शिकत नाही, असा सूर या चर्चेत उमटू लागला आहे आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, ती मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांची शाळापूर्व तयारी व्हावी याच हेतूने. त्या काळी काही गावांत तिचे प्रक्षेपण स्पष्ट दिसे आणि काही गावांत तांत्रिक कारणाने दिसत नसे. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये या दोन्ही प्रकारच्या गावांतल्या मुलांची तुलना केली, तेव्हा जिथे मालिका नीट दिसत होती तिथली मुले आपल्या वयाच्या इयत्तेत वेळेवर असण्याचे प्रमाण अधिक आढळले आणि हा लाभ गरीब वस्त्यांतल्या मुलांना अधिक झाला होता. म्हणजे खानापूरचे दादा जे सांगत आहेत त्याला आधार आहे.

'जादुई पिटारा' केवळ पेटी नाही, हेही जोडतो. त्यातले साहित्य 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावर फोनवरूनही पाहता येते आणि त्याला वर्गणी लागत नाही. शहापूरच्या ताईंची तक्रार एका विशिष्ट अ‍ॅपच्या वाईट मराठीबद्दल आहे. ती रास्त आहे, परंतु त्यावरून सगळे तंत्रज्ञान बाद ठरत नाही.

उत्तर : मूळ लेखिका

खानापूरच्या दादांची मी क्षमा मागते. आजी घरात असणे ही केवढी शिदोरी आहे, हे मी लिहिताना विचारात घेतले नव्हते. 'काढून टाका' हा माझा सल्ला मी सर्वांसाठी मागे घेते.

अभियंता सरांना एवढेच सांगेन की २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने सिअ‍ॅटलला नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोगही प्रसिद्ध आहे. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, काहींना त्याच माणसांचे चित्रमुद्रण दाखवले. समोर बसलेल्या माणसाकडून बाळे त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, पडद्याकडून शिकली नाहीत. चार वर्षांचे मूल नऊ महिन्यांचे बाळ नव्हे, हे मान्य आहे. तरीही शब्द फोनमधून आला, तरी तो वापरायला समोर माणूस लागतो, यावर मी ठाम आहे. दादांच्या मुलीला रंगांची इंग्रजी नावे येतात ती तिच्यापाशी टिकली, याचे कारण वडिलांनी रात्री घरी येऊन तिला ती विचारली असणार, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक घाई मला खुपते. पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण असण्याचा नियम कर्नाटकाने आणला, २०२५-२६ पुरती त्यात पाच वर्षे पाच महिन्यांची सवलत दिली, आणि त्या काळात आमच्या गल्लीतले पालक महिनेच्या महिने मोजत होते. मूल सहा वर्षांचे झाल्यावर पहिलीत जाणार असेल, तर साडेतीनव्या वर्षी त्याला शंभरापर्यंत इंग्रजी आकडे कशासाठी यायला हवेत? कन्नडची चिंताही तशीच. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यामुळे ती शाळेत शिकावी लागणारच आहे, आणि आमच्या मुलाने ती समोरच्या घरातल्या मुलांबरोबर लगोरी खेळताना निम्मी उचललीही आहे.

उत्तर : खानापूर तालुक्यातील एक वडील

ताई, आपला अंदाज खरा आहे. रात्री जेवताना मी तिला ताटातल्या प्रत्येक वस्तूचा रंग विचारतो आणि ती मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही सांगते. टोमॅटोला ती अजून कधी 'रेड' म्हणते, कधी 'तांबडा', आणि मी दोन्ही मान्य करतो.

फोन मी बंद करणार नाही, कारण दिवसभर घरात तिच्याशी बोलणारे कोणी नसते. मात्र आजपासून तो मी तिच्या हातात न देता फळीवर ठेवून गाणी केवळ ऐकायला लावीन, म्हणजे तिचे हात मोकळे राहतील. निपाणीच्या बाईंना विचारायचे आहे की आमच्याकडे काजूच्या बिया पुष्कळ असतात. चिंचोक्यांच्या जागी त्या चालतील का? त्यांच्या टरफलाचा चीक हाताला लागला तर कातडी भाजते, म्हणून शंका आली.

उत्तर : निपाणी येथील निवृत्त बालवाडी शिक्षिका

कच्च्या काजूबिया मुळीच देऊ नका, तुमची शंका बरोबर आहे. चिंचोके धुऊन उन्हात वाळवा, अर्धे तसेच ठेवा आणि अर्धे फोडून त्यांची पांढरी बाजू वर येईल असे करा; म्हणजे काळे-पांढरे वेगळे करण्याचा खेळही होईल. तुम्ही घरी असाल तेव्हाच ते काढा, कारण या वयाची मुले बी नाकात घालतात. सुरुवातीला दहाच द्या.