शत्रूशी बोलणी करायची तर आधी आपल्या बाजूची कोंडी फुटता कामा नये

कृष्णाकाठचा (सांगली):
काल विश्रामबागला चहाच्या गाड्यावर वाद झाला, एकजण म्हणाला इराणसारख्याशी बोलायचंच कशाला, दाबायचं नुसतं. मला पटलं नाही. आपल्याकडं ऊसदराचं बघा की, सगळे कारखाने धरून बसलेत तोवर दर हलत नाही, एकानं जादा उचल जाहीर केली की कोंडी फुटली. 2015 ला व्हिएन्नात इराणच्या अणुकार्यक्रमावर करार झाला तेव्हा इराणसमोर सहा देश होते, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन. युक्रेनच्या क्रिमियावरून रशिया-अमेरिकेचं फाटलेलं, पण इथं दोघं एका बाजूला. त्याआधी 2012 ला युरोपनं तेल घ्यायचं बंद केलं, इराणच्या बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशादेशांत पैसे फिरवायच्या जाळ्यातून, काढल्या. मग जाऊन युरेनियमचं शुद्धीकरण 3.67 टक्के (टक्के वाढले की बाँब जवळ) आणि साठा 300 किलोवर आणायला इराण तयार झाला.

मिरजवाला:
आणि उत्तर कोरिया? तिथंपण कोरियाला धरून सहाजण होते ना. 2003 ला बोलणी सुरू, 2005 ला अणुकार्यक्रम सोडतो असं लेखी दिलं, 2006 च्या ऑक्टोबरात पहिला स्फोट. 2008 ला कॅमेऱ्यासमोर अणुभट्टीचा कूलिंग टॉवर पाडून दाखवला आणि 2009 ला दुसरा स्फोट. चहापाणी इकडं, उद्योग तिकडं. वेळ काढतात ओ ही लोकं.

खिलारप्रेमी (आटपाडी):
दोघांचंपण अर्धंच खरं. खरा सौदा रुमालाखालीच होतो. आमच्याकडं खिलार बैल घेताना भाव चारचौघात कुणी बोलत नाही, रुमालाखाली बोटं दाबायची. तसं अमेरिका आणि इराण आधी ओमानमध्ये गुपचूप बोलले. पण त्याची किंमतपण आहे बरंका, 2013 च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला फ्रान्सनंच मसुद्यावर मोडता घातला. मग पंधरा दिवसांनी जमलं.

कृष्णाकाठचा:
आणि जमलं ते पण पूर्ण नाही, नुसता इसार. सहा महिन्यांसाठी 20 टक्क्यांपर्यंत युरेनियम शुद्ध करायचं काम बंद, बदल्यात थोडी सूट. मिरजवाले, वेळ काढायची भीती असेल तर हाच उपाय, सगळं एकदम द्यायचं नाही. शिवाय 2015 च्या करारात एक पेच होता, कुणी एकानं इराणनं मोडलं म्हणून तक्रार केली की 30 दिवसांत युनोचे जुने निर्बंध परत, आणि रशिया-चीनला ते व्हेटोनं अडवता येत नाही. मला विचाराल तर सगळ्या करारात डोकं लावलेलं कलम हेच.

मिरजवाला:
डोकं लावून काय झालं? 2018 च्या मे मध्ये अमेरिकाच उठून गेली. 2021 ला इराण 60 टक्क्यांवर. तो पेच 2025 ला ओढला खरा, पण तोवर इराणवर बाँब पडून झाले होते.

तासगावची ताई:
अहो पण अमेरिका उठली तेव्हा युनोच्या अणुसंस्थेचे तपासनीस सांगत होते की इराण अटी पाळतोय. म्हणजे कोंडी आपल्याच बाजूनं फुटली, दादांनी वर तेच लिहिलंय. कारखान्यानं करार मोडला तर तुम्ही शेतकऱ्यालाच दोष देणार काय?

मिरजवाला:
ताई, शेतकऱ्याच्या खोपटात युरेनियम शुद्ध करायची सेंट्रिफ्यूज यंत्रं नसतात ओ.