मदत हवी आहे: बंद डब्यातल्या जुन्या वस्तूंवर गंज आणि हिरवे ठिपके, कारण कळत नाही

चिल्लरसंग्रह:
नमस्कार मंडळी. छोट्या जुन्या वस्तू घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. आत लोकरी फेल्टचं अस्तर, सोबत सिलिका जेलची पुडी. वस्तू अशा: पिवळसर पारदर्शक मुठीचा घडीचा वस्तरा, तशाच रंगाची फणी, पितळी अंगुस्तान, चांदीची तपकिरीची डबी आणि खिशातलं घड्याळ.

अंगुस्तानावर निळसर-हिरवे ठिपके आलेत, डबी काळवंडली आहे. वस्तऱ्याचं पातं गंजलंय, पण मिटल्यावर मुठीत जातो तेवढाच भाग. बाहेर राहणारी शेपटी लख्ख आहे. मुठीत बारीक भेगांचं जाळं दिसतं. जेलचे दाणे अजून निळेच आहेत, म्हणजे ओल नाही. मग हे कशामुळे? आणि पितळ लिंबू-मिठाने घासलं तर चालेल का?

गंजारि:
जेल निळं असलं तरी डबा वारंवार उघडत असाल तर दमट हवा आत जातेच. आधी जेल बदलून बघा.

कानस_आणि_मेण:
ओल असती तर शेपटीही गंजली असती. गंज मुठीपुरताच आहे, तेव्हा दोष मुठीचा. ती कचकड्याची, म्हणजे सेल्युलॉइडची असणार. सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांचं हे मिश्रण 1870 च्या सुमारास बाजारात आलं आणि हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग यांची नक्कल म्हणून फण्या-मुठींना सर्रास वापरलं गेलं. जुनं झालं की कापूर उडून जातो, वस्तू आकसते, भेगा पडतात. नायट्रेटचं विघटन होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात आणि हवेतल्या जराशा ओलाव्यातही त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. हेच आम्ल पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतं. घट्ट झाकणामुळे वायू आतच कोंडला, म्हणून पितळही हिरवं झालं.

खात्री करायची तर मूठ अंगठ्याने जोरात चोळा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर कचकडं. कापूर उडून गेला असेल तर वास झोंबरा, आम्लासारखा येतो. ओला निळा लिटमस कागद वस्तूला न टेकवता तिच्यासोबत काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. लाल झाला तर आम्ल सुटतंय. तापलेल्या सुईची चाचणी सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. कचकडं क्षणात पेटतं.

चिल्लरसंग्रह:
चोळल्यावर वास झोंबराच येतो, लिटमसही लाल झाला. फणीला वास नाही, भेगाही नाहीत. आता क्रम काय ठेवू?

कानस_आणि_मेण:
आजच वस्तरा आणि फणी दोन्ही डब्याबाहेर काढा. फणी धड दिसत असली तरी धातूंसोबत नको, आणि वस्तऱ्यासोबतही नको. तिला आम्लरहित कागदात सैल गुंडाळून भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. हवाबंद पिशवी अजिबात नको.

मूठ वाचणार नाही. पातं हवं असेल तर ते सोडवा. पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळीच्या एका टोकाचं ठोकलेलं डोकं वॉशरच्या पातळीपर्यंत बारीक कानशीने घासा. खाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा धरून दीड मिलिमीटरच्या पंचाने खिळी हलकेच बाहेर ठोका. कचकडं ठिसूळ झालेलं असतं, डोळ्यांवर चष्मा हवा. कानस मुठीवर जोरात चालवू नका, घर्षणाने तापते. मग पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पातं धुवा, लगेच कोरडं करा, चार शून्याच्या (0000, म्हणजे अगदी बारीक) स्टील वूलने तेलासोबत गंज काढा आणि शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. खोल काळे खड्डे तसेच राहू द्या. ते घालवायच्या नादात पात्यावरचा निर्मात्याचा ठसा जातो, आणि संग्राहकाला तोच हवा असतो. धारेपर्यंत खड्डे गेले असतील तर दाढीचा विचार सोडा.

चांदीवाली:
डबीचं काळेपण वेगळं प्रकरण आहे. लोकरी फेल्टमधून गंधकाचे वायू सुटतात, त्यांनी चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. रबरबँडनेही हेच होतं. फेल्ट काढून न रंगवलेलं, धुतलेलं सुती कापड घाला. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची युक्ती नक्षीच्या खाचांतलं मुद्दाम ठेवलेलं काळेपणही उडवते, ती टाळा. खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून सुती बोळ्याने हलकं पुसा. आधी तळाचा छाप बघा: 'ई.पी.एन.एस.' असेल तर चांदीचा नुसता मुलामा आहे, प्रत्येक घासणीला थोडा जातो.

पितळाला लिंबू-मीठ नको. आम्लाने जस्त आधी विरघळतं आणि पृष्ठभाग तांबूस, सच्छिद्र होतो. मीठ राहिलं तर नवे हिरवे ठिपके येतात. ठिपके टूथपिकच्या टोकाने कोरडेच खरवडा, मग व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रावणाने) पुसा.

गंजारि:
पटलं, माझा जेलचा सल्ला मागे घेतो. एक मात्र राहिलं: घड्याळ. ते आम्लाच्या वाफेत होतं, तेव्हा चावी देऊन चालतंय का हे बघू नका. आतली पोलादी हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक स्प्रिंग) आणि चाकांच्या आसांची बारीक टोकं गंजली असतील तर फिरताना मोडतात. जुनी घड्याळं उघडणाऱ्या कारागिराकडून आधी आतून तपासून घ्या.

चिल्लरसंग्रह:
घड्याळाला हात लावत नाही. काढलेल्या मुठीचे तुकडे साध्या कचऱ्यात टाकले तर?

कानस_आणि_मेण:
नको, कचऱ्यात ठिणगी पडली तर भडका उडेल. तोवर पाण्यात बुडवून बाहेर ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या स्थानिक केंद्रात 'सेल्युलोज नायट्रेट' असं स्पष्ट सांगून द्या.