बिल खात्यातून आपोआप जावे, की पाहून भरावे?

मूळ लेख
बिल ईमेलवर येते, ठरलेल्या तारखेला बँक ते परस्पर वळते करते आणि ग्राहकाच्या हाती फक्त एक एसएमएस उरतो. ऑनलाइन बँकिंगमधून स्वतः बिल भरणे उत्तमच आहे. माझा आक्षेप बिल न वाचता पैसे जाण्याला आहे. विजेच्या बिलावर मागील आणि चालू रीडिंग शेजारी शेजारी दिलेले असते, आणि प्रत्यक्ष रीडिंग न घेता सरासरीने आकारणी केली असेल, तर तेही तिथेच नमूद असते. असे काही महिने गेले, की पुढे फरकाची रक्कम एकदम अंगावर येते. हे वेळीच लक्षात यायचे, तर बिल उघडायला हवे. पैसे आपोआप जात असले, की ते उघडणे हळूहळू सुटते.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. आपोआप भरणा होतो म्हणून बिल वाचायला कोणी मनाई केलेली नाही. आजारपणात किंवा प्रवासात मुदत टळली, तर विलंब आकार लागतो, आणि विम्याचा हप्ता राहिला, तर पॉलिसीच बंद पडू शकते. शिवाय बँकेला दिलेली परवानगी म्हणजे कोरा धनादेश नव्हे. भारतात कार्ड किंवा यूपीआयवरून आवर्ती रक्कम कापण्यापूर्वी सर्वसाधारणपणे किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते, तर युरोपातील सेपा या, बँक खात्यातून थेट रक्कम वळती करण्याच्या सामायिक पद्धतीत ग्राहकाला संमतीने वळती झालेली रक्कमही ८ आठवड्यांच्या आत, कारण न देता, परत मागता येते.

प्रतिसाद २
परतावा मिळेपर्यंत खाते रिकामे राहते, त्याचे काय? एक अवाजवी बिल वळते झाले, की त्यामागचा कर्जाचा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत जातो, आणि मग बँक व कर्ज देणारी संस्था दोघीही शुल्क लावू शकतात. जिथे महिन्याचा हिशेब काठोकाठ असतो, तिथे पैसे कोणत्या दिवशी जावेत हे खातेदाराच्याच हाती असले पाहिजे.

मूळ लेखक
विम्याबाबतचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रक्कम ठरलेली असेल, तिथे आपोआप भरणा जरूर असावा. मात्र वीज, पाणी, फोन यांची रक्कम दरमहा बदलते, म्हणून ती मी पाहूनच भरतो, आणि मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी भरतो. कारण आपल्या खात्यातून रक्कम आज वजा झाली, तरी काही वेळा ती कंपनीकडे दुसऱ्या दिवशी जमा होते.