नॉर्मल एमआरआय म्हणजे सुटका नव्हे

‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नाही’ हे म्हणणं मला धोक्याचं वाटतं. डिमेन्शियाचं सर्वांत मोठं कारण असलेल्या अल्झायमरच्या सुरुवातीला स्कॅन वयाला साजेसा दिसू शकतो. निदान उभं राहतं ते घरच्यांनी सांगितलेल्या बदलांवर आणि स्मरणचाचण्यांवर. स्कॅन मुख्यतः कवटीखालचा जुना रक्तस्राव, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी अशी उपचार होण्याजोगी कारणं सुटू नयेत म्हणून. (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि मध्यंतरी पडणं झालं असेल, तर अशा रक्तस्रावाचा धोका असतो, स्कॅनला अजिबात उशीर करू नका.)

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन एमआरआय’ नको, विसरण्याची तक्रार स्पष्ट लिहून घ्या. मग रेडिओलॉजिस्ट कोरोनल (समोरून मागे घेतलेल्या उभ्या) छेदांत हिप्पोकॅम्पसची, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाची, झीज 0 (झीज नाही) ते 4 (सर्वाधिक) अशा श्रेणीत नोंदवू शकतो. अमायलॉइड पेटची (PET, अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड प्रथिन दाखवणारा स्कॅन) घाई मात्र नको. स्मृती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांतही तो पॉझिटिव्ह येतो.