मदत हवी आहे : घर वांगणी-नेरळला, नोकरी फोर्टला, जमेल का?

मुलुंडचं भाड्याचं घर सोडून वांगणी किंवा नेरळला जायचा विचार आहे. नुसता भाड्यातला फरक धरला तर हिशेब फसतो. त्यातून पास, स्टेशनपर्यंतची रिक्षा, मेंटेनन्स आणि टँकर वजा करायलाच हवेत.

खरी अडचण गाड्यांची. बदलापूरपर्यंत लोकल बऱ्यापैकी आहेत. पुढे फक्त खोपोली-कर्जतच्या, त्यामुळे एक चुकली की फलाटावर ताटकळणं आलं. जाऊन-येऊन रोजचे चार तास धरलेत.

दुसरी काळजी उल्हास नदीची. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पुरात अडकली होती. म्हणून तळमजला नकोच.

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा : सकाळी सातच्या सुमाराला नेरळला बसायला जागा मिळते, की गाडी कर्जतहूनच भरून येते? महिलांच्या डब्यात काय स्थिती? एप्रिल-मेमध्ये बोअरला पाणी राहतं का, की टँकरचे पैसे वेगळे काढतात? स्टेशन रोडवर कुठे पाणी तुंबतं? रात्री दहानंतर रिक्षा मिळते का, शेअर की स्पेशल? आणि रविवारी मेगाब्लॉक असला की मुंबईला कसे येता?

पागडी-डिपॉझिट ठरवण्याआधी पावसाळ्यात एकदा बघून येणारच आहोत, पण नेमकी कोणती बाजू बघायची तेही सुचवा. पूर्व की पश्चिम?