"मी काय येडी हाय व्हय?" निवारा केंद्रातल्या बायकांपर्यंत मदत कशी पोचवायची?

कृष्णाकाठ_शिरोळ
शिरोळ भागातल्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केलीय, तिथं आम्ही सात-आठ स्वयंसेवक आहोत. वाटप सुरळीत आहे. पण पावसाचा जोर वाढला की चार-पाच बायकांना छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मानसोपचाराचं नाव काढलं की "मी काय येडी हाय व्हय?" नाहीतर "पोरीचं ठरायलंय, कुणाला कळलं तर?" दोघींना कन्नडच येतं. सगळ्यांना गोल बसवून पुरातलं एकेकीनं सांगावं, असा विचार आहे. निर्वासितांच्या छावण्यांत यावर बरंच काम झालंय म्हणे, त्यातलं इथं काय चालेल?

पन्हाळ्याचा_वारा
गोल बसवून सांगायला लावू नका, हे आधी. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना नको म्हणते. फायदा दिसत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. शिवाय एकीचं ऐकून दुसरीच्या पोटात गोळा येतो आणि संध्याकाळी तीच चर्चा नळावर.

"मानसिक" हा शब्द पहिल्या भेटीत नकोच. धडधड, मुंग्या, झोप ही त्यांची भाषा, तिथूनच आत शिरायचं. तिबेटी निर्वासितही "लुंग" बिघडला म्हणतात, म्हणजे अंगातला वारा. नाव शरीराचं असलं की लाज कमी.

पंचनाम्याचा कागद भरून द्यायला शेजारी बसा. पेन चालू असताना माणूस आपोआप बोलतो. बोलला तर ऐका, खोदून विचारू नका. धडधड सुरू झाली तर हात पोटावर ठेवून तीन अंक मोजत श्वास आत, तीन अंक मोजत बाहेर, चार-पाच मिनिटं. खोल श्वास घ्या म्हणालात तर घाबरलेली बाई भराभर ओढते आणि मुंग्या वाढतात. म्हणून "हळू" म्हणा.

कन्नडसाठी त्यांच्याच पोराला दुभाषी करू नका. आई पोरासमोर खरं बोलत नाही, आणि बोललीच तर ते ओझं पोरावर.

दोरी_आणि_दगड
छावण्यांतल्या दोन पद्धती. एक, पाच आठवडे, आठवड्याला दीड तासाची एक बैठक. डॉक्टर लागत नाही, पण चालवणाऱ्याला प्रशिक्षण आणि वर देखरेख लागते. ताण आवरणं, सुटण्याजोगा एकच प्रश्न धरून तुकडे पाडणं, बंद पडलेली कामं पुन्हा धरणं आणि आपली माणसं जोडणं, एवढंच शिकवतात. तुमच्या गटाला हीच झेपेल.

दुसरीत जमिनीवर दोरी अंथरतात, एक टोक जन्माचं. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. मग दोरीच्या क्रमानं आयुष्य सांगायचं. भीतीच्या आठवणीला तारीख-जागा चिकटलेली नसते, म्हणून ती आत्ताच घडतेय असं वाटतं. क्रमात बसवली की ती मागं सरकते. ही मात्र प्रशिक्षित माणसानंच करायची. दगडापाशी पोचल्यावर वेळ संपला म्हणून उठवलंत, तर ती बाई रात्रभर तिथंच अडकते.

कोल्हापूरजवळच्या आपल्याच वळिवड्याचं उदाहरण घ्या. १९४३ ते १९४८ तिथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलं. छावणीत त्यांची शाळा होती, चर्च होतं. ठरल्या वेळेची घंटा कमी समजू नका. केंद्रातही पोरांची शाळा आणि बायकांच्या स्वयंपाकाच्या पाळ्या लवकर लावा.

केसपेपर
पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दिवसभर मोबाईलवर फिरते. ३९ फूट इशारा, ४३ धोका, आणि प्रत्येक इंचाला काळजात धस्स. एका स्वयंसेवकानं सकाळ-संध्याकाळ दोनदाच फळ्यावर लिहावं.

शेजारणीची झोपेची गोळी घेऊ देऊ नका, सवय लागते. पहिल्या महिन्यातला बराचसा त्रास आपोआप ओसरतो. महिना उलटूनही स्वप्नं, दचकणं, चूल पेटवायलाही न उठणं चालू असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. थेट तिकडं नको म्हणत असेल तर आधी मेडिसिनच्या ओपीडीत धडधड दाखवा, तिथून पाठवतात. सोबत एकच माणूस, आणि पोरीच्या सासरच्या ओळखीचा नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, हे आधी सांगा.

घरून बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आधाराची फोनसेवा, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. मरणाची भाषा कुणी केली तर महिना मोजत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना, तोवर तिला एकटं सोडायचं नाही, आणि शेतीचं औषध खोलीतून बाहेर.

कृष्णाकाठ_शिरोळ
गोल बैठक रद्द. फळा आजच लावतो. कन्नडसाठी कुरुंदवाडच्या एक नर्सबाई येतील म्हणतात, त्या चालतील का?

पन्हाळ्याचा_वारा
चालतील, त्या बायकांच्या भावकीतल्या नसतील तर. मधे स्वतःचा सल्ला घालायचा नाही, बाई म्हणाली तेच शब्द, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.