मदत हवी आहे : बातमीच्या आधीच लोकांचं ऐकायचंय, बैठक कशी घेऊ?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका छोट्या साप्ताहिकात रिपोर्टर आहे, आणि नऱ्हे 2021 मध्ये महापालिकेत आलं तरी टँकर काही सुटला नाही म्हणून मागच्या महिन्यात तिथल्या पाण्यावर बातमी केली, आकडे होते, अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, सगळं व्यवस्थित. नंतर तिथल्या एका काकूंनी वही दाखवली, टँकर कधी आला, किती हंडे मिळाले, रोज लिहिलेलं, आणि म्हणाल्या, "हे कुणी विचारलंच नाही रे." ते फार लागलं मला.

अमेरिकेत 1992 च्या निवडणुकीत शार्लट ऑब्झर्व्हर या पेपरने आधी नागरिकांना विचारून मुद्दे ठरवले आणि मग तेच प्रश्न उमेदवारांना विचारले. मला वाटतं आपल्याकडे हे वॉर्डापुरतं नक्की जमेल, संपादकही हो म्हणालेत. येत्या रविवारी देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवतोय.

पण अडचण अशी की अशा बैठकीत दोन-तीन पुढारी माईक सोडत नाहीत आणि बायका, भाडेकरू, हॉस्टेलची पोरं मागे गप्प बसून असतात, मग त्यांना बोलतं कसं करायचं? चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून घ्यावेत का? वेळ सकाळची ठेवू की संध्याकाळची? आणि बैठकीनंतर कुठल्या प्रश्नाचं काय झालं हे लोकांना दर आठवड्याला कळवायचंय, व्हॉट्सअॅपवर की सोसायटीच्या बोर्डावर? कुणी सोसायटीत, मोहल्ला कमिटीत असं काही केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.